घरगुती ब्रूइंगचा जुना संच मुंबईत विकायचाय? आधी तो सुटा करा

परदेशातली नोकरी संपवून लोक परततात तेव्हा कंटेनरमधून सोफा येतो, मुलांच्या सायकली येतात. काही घरांत त्यासोबत मोठमोठे स्टीलचे टोप, एक पंप, सिलिकॉनच्या नळ्यांचं भेंडोळं आणि तांब्याच्या नळीचं एक वेटोळंही उतरतं. तिकडे शनिवारी गॅरेजमध्ये बिअर करायचा छंद होता. इकडे गॅरेज नाही, कायदा वेगळा आहे आणि ठाण्यातल्या टू-बीएचकेची अख्खी बाल्कनी या सामानाने अडवली आहे. घरातून रोज एकच विचारणा होते : हे कधी जाणार?

असं सामान पहिल्यांदाच विकायला काढणाऱ्यांसाठी हे लिहितोय. माझा सल्ला एका वाक्यात सांगायचा तर, मुंबईत 'बिअर करायचा संच' म्हणून तो विकू नका. सुटा करा आणि प्रत्येक वस्तू जी आहे तीच म्हणून, ती कायदेशीरपणे वापरू शकेल अशा माणसाला विका. यात झंझट थोडी जास्त आहे, पण बहुतेक वेळा पैसेही जास्त मिळतात.

आधी समजून घ्या, आपल्याकडे काय आहे

संच नवऱ्याचा किंवा भावाचा असेल आणि विकायचं काम तुमच्या गळ्यात पडलं असेल, तर एवढं माहीत असू द्या. बिअर करायचे दोन घरगुती मार्ग असतात. सोपा मार्ग म्हणजे तयार माल्टचा पाक आणून पाण्यात घालायचा. त्याला एक मोठा टोप पुरतो. दुसरा मार्ग ऑल-ग्रेन, म्हणजे थेट धान्यापासून सुरुवात. मोड आणून वाळवलेलं सातू (यालाच माल्ट म्हणतात) भरडायचं, साधारण ६५ ते ६८ अंश सेल्सिअस पाण्यात तासभर ठेवायचं म्हणजे त्यातल्या पिठूळ भागाची साखर होते, मग ते पाणी गाळून घ्यायचं, उरलेला चोथा गरम पाण्याने धुवायचा, जमलेलं गोड पाणी हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी वाळवलेली फुलं) घालून तासभर उकळायचं आणि झटपट गार करायचं. म्हणून यात भांडी जास्त : पाणी तापवायचं एक, धान्य भिजवायचं एक (त्याच्या तळाशी जाळीचा खोटा तळ असतो) आणि उकळायचं एक. शिवाय पंप, गार करायचं वेटोळं किंवा प्लेट चिलर, तापमान सांभाळणारा कंट्रोलर, आंबवायचं भांडं, भरडायची गिरणी. ग्रेनफादर किंवा ब्रूझिलासारख्या एकाच उभ्या भांड्यात बसणाऱ्या विजेच्या यंत्रात हे बरंचसं एकत्र असतं.

सगळं जमिनीवर मांडा. प्रत्येक वस्तूमागची पाटी वाचा : कंपनी, मॉडेल, व्होल्ट, हर्ट्झ, वॉट, लिटर. हे कागदावर उतरवा. पुढची सगळी कामं या यादीवर चालतात, आणि गिऱ्हाइकाने फोनवर "किती लिटरचा आहे?" विचारलं की "मोठा आहे हो" असं उत्तर द्यावं लागत नाही.

कायद्याची पायरी, जी वगळता येत नाही

अमेरिकेत १९७८च्या कायद्याने घरच्यापुरती बिअर करायला केंद्रीय मोकळीक मिळाली. ब्रिटनमध्ये तर १९६३पासून त्यासाठी परवाना लागत नाही. महाराष्ट्रात तसं नाही. इथे महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ लागू आहे. बऱ्याच जणांना तो 'मुंबई दारूबंदी कायदा' या जुन्या नावाने आठवतो. त्याच्या कलम ६५मध्ये परवान्याशिवाय मादक पेय तयार करणं हा गुन्हा आहे, आणि ते तयार करण्याच्या हेतूने साहित्य, भांडी, उपकरणं बाळगणं किंवा वापरणं हाही गुन्हा आहे. 'घरच्यापुरती, विकायला नाही' अशी वेगळी सवलत बिअरला दिलेली नाही. पिण्याचा परवाना खिशात असला म्हणून करण्याचा परवाना मिळत नाही.

यातला 'हेतू' हा शब्द नीट वाचा. पन्नास लिटरचा स्टीलचा टोप केटररकडेही असतो, पंप दुग्धप्रक्रियेतही असतो. पण तुम्ही स्वतःच जाहिरातीत "घरी बिअर बनवा, पूर्ण संच, रेसिपीसकट" असं लिहिलंत, तर हेतू तुम्हीच लिहून दिला. शिवाय दारूच्या जाहिरातीवरही या कायद्यात बंधनं आहेत. म्हणून चार गोष्टी कटाक्षाने टाळा. सामानासोबत माल्ट, यीस्ट, हॉप्स यांचा तयार पुडा देऊ नका. जुनी बाटली "चव बघा" म्हणून पुढे करू नका. एखाद्याने सरळ सांगितलं की "घरीच करायचीय, कोणाला कळणार आहे", तर त्याला विकू नका. आणि संचासोबत ऊर्ध्वपातनाचं झाकण किंवा नळकांडं आलं असेल (काही कंपन्या ते जोडून विकतात), तर ते विक्रीला काढूच नका. बिअरच्या सामानावर वाद तरी घालता येतो, दारू गाळण्याच्या सामानाला आपल्याकडे एकच नाव आहे आणि ते नाक्यावरच्या हवालदारालाही पाठ आहे.

याउलट परवानाधारक मायक्रोब्रुअरीला (स्वतःची बिअर करून विकणाऱ्या पबला) छोट्या चाचणी घाण्यासाठी असा संच उपयोगी पडतो. तिथे तो अख्खा विकता येईल. परवान्याची प्रत मागून घ्या, आणि शंका असली तर राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या जिल्हा कार्यालयात किंवा या विषयातल्या वकिलाला विचारून मगच व्यवहार करा. वकिलाची फी संचाच्या किमतीपुढे किरकोळ असते.

विजेची बाजू : इथेच अर्धे व्यवहार फिसकटतात

परदेशातून आलेल्या संचाची खरी किंमत पाटीवरच्या एका आकड्यावर ठरते. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, युरोपातून आणलेलं यंत्र बहुधा प्लग बदलला की चालतं. अमेरिकेतलं ११० किंवा १२० व्होल्टचं यंत्र मात्र थेट लावलं तर जळणार. तापवायच्या एलिमेंटची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने वाढते. १२० व्होल्टवर १५०० वॉट देणारं एलिमेंट २३०वर साडेपाच हजार वॉट ओढायला बघतं. "ट्रान्सफॉर्मर लावा, चालेल" हे उत्तर एलिमेंटपुरतं खरं आहे, पण तेवढ्या वॉटचा ट्रान्सफॉर्मर जड असतो, महाग असतो आणि गिऱ्हाईक तो खर्च तुमच्या किमतीतूनच वजा करतं. पंपाचं आणखी वेगळं. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. ६० हर्ट्झची मोटर ५०वर सुमारे एक षष्ठांश हळू फिरते आणि जास्त तापते. हे लपवू नका. पाटीचा फोटो जाहिरातीतच टाका.

अमेरिकेतल्या मोठ्या संचांत २४० व्होल्टचं ५५०० वॉटचं एलिमेंटही असतं. ते आपल्याकडे चालतं, साधारण पाच हजार वॉट देतं. पण त्याला २२ अँपिअर लागतात. घरातला १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट त्याला पुरत नाही, वेगळी ३२ अँपिअरची लाइन हवी. म्हणजे तुमचं गिऱ्हाईक घर नव्हे, व्यावसायिक किचन.

मुंबईच्या पावसाळ्यात पडून राहिलेलं एलिमेंट हा आणखी एक विषय. त्याच्या आतल्या पुडीत ओल शिरते आणि लावल्याबरोबर ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) पडते. गिऱ्हाइकासमोर असं झालं की सौदा संपला, मग तुम्ही कितीही सांगा की "मागच्या वर्षी चालत होतं". म्हणून आधी ओळखीच्या वायरमनला बोलवा. तो मेगर लावून इन्सुलेशन तपासेल, अर्थिंग बघेल, प्लग भारतीय पिनेचा बसवेल. मग भांड्यात पाणी भरून एकदा उकळी आणा. एलिमेंट पाण्यात पूर्ण बुडाल्याशिवाय बटण दाबायचं नाही. कोरडं तापलं की ते काही क्षणांत जातं.

घासणं, पण तारेच्या घासणीने नाही

स्टीलवर तपकिरी ठिपके आले असतील तर घाबरू नका. दादर, वरळी, वर्सोव्यासारख्या समुद्राजवळच्या घरांत चांगल्या स्टीलवरही खारी हवा असे डाग पाडते. ते वरवरचे असतात. गरम पाण्यात सोडियम परकार्बोनेटवर आधारलेली पावडर (कपड्यांचे डाग काढायच्या ऑक्सिजनवाल्या पावडरींत तेच असतं, फक्त वास आणि रंग नसलेली घ्या) टाकून टोप भिजवा, चिकट थर सुटतो. मग स्वच्छ धुऊन लिंबूफुलाचं, म्हणजे सायट्रिक ॲसिडचं, कोमट पाणी फिरवा. ते किराणा दुकानात मिळतं, जास्त हवं असेल तर प्रिन्सेस स्ट्रीटला केमिकलवाल्यांकडे. तळाशी राखाडी-पांढरा खरखरीत थर असेल तर तो कॅल्शियम ऑक्झलेटचा, बिअरच्या भांड्यांचा नेहमीचा पाहुणा. तो एका धुण्यात जात नाही. आधी पावडर, मग ॲसिड, पुन्हा पावडर, असं करावं लागतं.

ब्लीच आणि तारेची घासणी वापरू नका. ब्लीचमधल्या क्लोरीनने स्टीलला सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात, आणि तारेचे लोखंडी कण पृष्ठभागात रुतून नंतर गंजतात. भिंतीसारखा पांढरा क्षार फक्त टँकरचं किंवा बोअरचं पाणी वापरणाऱ्या सोसायट्यांत दिसतो. तानसा, भातसा, वैतरणेचं पालिकेचं पाणी मऊ आहे, त्याचा थर फारसा बसत नाही.

सिलिकॉनच्या जुन्या नळ्या, प्लास्टिकची ओरखडे पडलेली बादली, काळपटलेले गॅस्केट हे सगळं सरळ टाकून द्या. त्यांच्या वासाने चांगल्या टोपाचीही किंमत पडते. गिरणीचे रोलर बहुधा साध्या पोलादाचे असतात, पावसाळ्यात गंजतात. ब्रशने झाडा, पाणी लावू नका, आणि कोपऱ्यांत अडकलेला भरडा काढा. त्यात किडे झालेले असतात, हे गिऱ्हाइकाआधी तुम्ही बघितलेलं बरं.

आटे, कड्या आणि नागदेवी

हा भाग छोटा, पण इथे बोलण्यात तुमचं वजन वाढतं. अमेरिकन भांड्यांच्या तोटीला एनपीटी आटे असतात, आपल्याकडे बीएसपी. अर्ध्या इंचात दोन्हींना इंचाला चौदाच आटे, पण कोन वेगळा, त्यामुळे दोन फिरक्या छान बसतं आणि मग गळतं. नागदेवी स्ट्रीटवर अडॅप्टर शोधून मिळतो. तो लावून, पाणी भरून, रात्रभर ठेवून पाहा. भांड्याला ट्रायक्लोव्हर कड्या (आट्यांऐवजी क्लॅम्पने जोडायच्या) असतील तर उत्तमच. औषधाच्या आणि दुधाच्या कारखान्यांत त्याच वापरतात, त्यामुळे तो टोप विकत घेणारी माणसं मुंबई-ठाणे-अंबरनाथ पट्ट्यात आपोआप वाढतात. जाहिरातीत "दीड इंच ट्रायक्लोव्हर" हे शब्द ठळक लिहा.

गॅसचं सिलिंडर : वेगळं काढून ठेवा

बिअरला फेस आणायला वापरायचं कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर स्थानिक गॅसवाल्याकडून डिपॉझिटवर आणलेलं असेल तर ते तुमचं नाहीच. परत करा, डिपॉझिट घ्या. स्वतःचं असेल तर त्यावरची हायड्रोलिक चाचणीची तारीख बघा. ती मुदत उलटलेलं सिलिंडर प्रामाणिक भरणावाला भरत नाही. अमेरिकेतून आणलेलं ॲल्युमिनियमचं सिलिंडर इथल्या मान्यतेशिवाय भरता येत नाही, आणि त्याचा रेग्युलेटरही इथल्या व्हॉल्व्हला बसत नाही. म्हणून त्याला मी 'विक्रीयोग्य' म्हणतच नाही.

भरलेलं सिलिंडर घरात तापू देऊ नका. वीस अंशांना आत सुमारे ५७ बार दाब असतो, मुंबईच्या मे महिन्यात तो सत्तरच्या पुढे जातो. आणि एक साधी गोष्ट : सिलिंडर दुचाकीवरून किंवा लोकलने न्यायचं नसतं, रिकामं आहे म्हणूनही नाही. १९ लिटरचे स्टीलचे केग (बिअर साठवायची झाकणाची पिंपं) मात्र वेगळे. आतला दाब सोडून, झाकण उघडून, धुऊन ते निर्धास्त विकता येतात, आणि त्यांना मागणीही चांगली असते. कोल्ड कॉफी नळावर देणारे कॅफे ते शोधत असतात.

किंमत

बहुतेक जण उलटा हिशेब करतात. तेव्हा इतक्या डॉलरला घेतलं, आज डॉलरचा भाव इतका, अधिक कंटेनरचं भाडं. गिऱ्हाइकाला यातलं काहीही ऐकायचं नसतं. हिशेब तळापासून आणि माथ्यापासून असा दोन्हीकडून करा.

तळ म्हणजे भंगाराचा भाव. टोप, वेटोळं, केग वजनकाट्यावर ठेवा. कुर्ल्याच्या किंवा जवळच्या भंगारवाल्याकडे त्या दिवशीचा स्टीलचा आणि तांब्याचा किलोचा भाव विचारा. त्याच्याखाली कोणालाही द्यायचं नाही. इथे एक गैरसमज काढून टाका : लोहचुंबक चिकटत नाही म्हणजे ३०४ ग्रेडचं स्टील, असं नाही. स्वस्त २०२ ग्रेडलाही चुंबक चिकटत नाही, आणि खऱ्या ३०४च्या वाकवलेल्या कडेला थोडं चिकटूही शकतं. ग्रेडचा थेंब टाकून बघायची रसायनाची बाटली धातूवाल्यांकडे असते. गुलालवाडीत कोणीही दोन मिनिटांत बघून देतो.

माथा म्हणजे तीच किंवा तशीच वस्तू आज भारतात नवी, बिलासकट, घरपोच कितीला पडते ते. त्यातून माझा अंदाज असा चालतो : चांगल्या ग्रेडचे टोप, केग आणि प्लेट चिलर निम्म्याच्या आसपास जातात, कधी थोडे वर. चालू स्थितीतला २३० व्होल्टचा पंप चाळीस टक्क्यांपर्यंत. कंट्रोलर आणि इलेक्ट्रॉनिक डबे तीस टक्के, कारण वॉरंटी संपलेली असते आणि घेणाऱ्याला भीती असते. ११० व्होल्टचं सगळं भंगाराच्या थोडं वर. समजा नवा पंप आज दहा हजारांना पडतो, तर चार हजार सांगा, साडेतीनला द्यायची तयारी ठेवा. तापमान-कंट्रोलर लावलेला जुना फ्रिज जुन्या फ्रिजच्याच भावाने जातो, कंट्रोलर काढून वेगळा विका.

एक अपवाद. ग्रेनफादरसारखं एकजीव यंत्र सुटं करता येत नाही. ते परवानाधारकाला विका, किंवा 'तापमान-नियंत्रित ३० लिटरचं विजेवरचं भांडं, पंपासह' म्हणून काढे, सरबतं, साबण, चीज अशा कामांतल्या लोकांना दाखवा. त्यांच्या कामाला ते खरंच बसतं. सेट केलेलं तापमान धरून ठेवणारं एवढं मोठं भांडं आपल्या बाजारात सहज मिळत नाही.

फोटो आणि मजकूर

दिवसाउजेडी, मोकळ्या जमिनीवर, मागे वाळत घातलेले कपडे नकोत. एक अख्ख्या वस्तूचा फोटो, एक आतून, एक तोटीचा, एक पाटीचा, आणि जिथे पोचा किंवा डाग आहे तिथला एक. टोपावर तांब्याचं वेटोळं ठेवून फोटो काढू नका. जाणकाराला ते गार करायचं साधन दिसतं, बाकी साऱ्या जगाला हातभट्टी. फेसाळलेला ग्लास, बाटल्या, लेबलं फोटोत नकोत. जुन्या बिलाचा फोटो टाकलात तर नाव-पत्ता झाका.

मजकूर असा पुरे :

"स्टेनलेस स्टील ३०४ टोप, ५० लिटर, झाकणासह. खाली अर्धा इंच बॉल व्हॉल्व्ह (बीएसपी अडॅप्टर बसवलेला), आत काढता येणारा जाळीचा तळ. आतून लिटरच्या खुणा. वजन अमुक किलो. बाहेरून एक पोचा, फोटोत आहे. गळती नाही, पाणी भरून दाखवू. किचन, कॅफे, खाद्यप्रक्रियेसाठी उपयोगी. मुलुंड पश्चिम, लिफ्ट आहे. किंमत अमुक, थोडंफार बोलता येईल."

शेवटचं वाक्य नसलं तरी लोक बोलणारच आहेत, पण असलं की आधी फोन करतात.

गिऱ्हाईक कुठे असतं

ऑनलाइन बाजारात टाकाच, पण वाट बघत बसू नका. जास्त चांगली गिऱ्हाइकं थेट विचारून मिळतात. कोम्बुचा (आंबवलेला चहा) करणारे छोटे उद्योग, कोल्ड ब्रू कॉफीवाले, क्लाउड किचन, घरगुती चीज करणाऱ्या बायका (यांना ६५ अंशांवर अर्धा तास दूध धरून ठेवणारं भांडं हवंच असतं), साबण आणि अर्क करणारे. रोलरची गिरणी भरड्यासाठी बेकरीवाले घेतात, धान्याची भाकरी-ब्रेड करणारे तर हमखास. हायड्रोमीटर, रिफ्रॅक्टोमीटर, पीएच मीटर कॉलेजांच्या प्रयोगशाळांना चालतात. माटुंग्याच्या आयसीटीसारख्या (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) संस्थांत किण्वनावर काम चालतं, मात्र संस्थेची खरेदी कोटेशन आणि बिलाशिवाय होत नाही, तिथे चिकाटी लागते. त्यापेक्षा तिथले विद्यार्थी स्वतःच्या प्रकल्पासाठी लवकर घेतात.

मायक्रोब्रुअरीत फोन करायचा तर मंगळवार-बुधवारी दुपारी करा आणि ब्रुअरलाच मागा. शनिवारी संध्याकाळी फोन केलात तर मॅनेजर तुम्हाला टेबल बुक करून देईल.

बघायला येतात तेव्हा

आधी वॉचमनला सांगून ठेवा, आणि सोसायटीत कुजबुज नको असेल तर सामान पार्किंगमध्ये उघडं मांडू नका. घरात कोणी सोबत असू द्या. गिऱ्हाईक यायच्या आधी टोप पाण्याने भरून ठेवा म्हणजे गळती नाही हे न बोलता दिसतं. पंप बादलीतून बादलीत फिरवून दाखवा. चुंबकीय कपलिंगचा पंप असेल तर आधी त्यात पाणी भरा, तो स्वतःहून पाणी ओढत नाही. नाहीतर गिऱ्हाईक म्हणेल, बंद आहे.

घासाघीस होणार. "फायनल किती?" हा पहिला मेसेज असतो, कित्येकदा "नमस्कार"च्याही आधी. न बघता फायनल सांगू नका. "या, बघा, मग बोलू." समोरासमोर आल्यावर दोन-तीन वस्तू एकत्र घेणाऱ्याला सूट द्या, एकाच टोपावर नाही.

पैसे

यूपीआयने पैसे घ्यायला तुम्हाला पिन टाकावा लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. "मी सैन्यात आहे, पोस्टिंग आहे, माणूस पाठवतो, तुम्ही फक्त हा कोड स्कॅन करा" ही जुन्या वस्तूंच्या बाजारातली ठरलेली फसवणूक. फोन ठेवा. फसलात तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवा, उशीर झाला की पैसे पुढे सरकतात. पैसे आल्याची खात्री मेसेजवर नको, स्वतःच्या बँकेच्या ॲपमध्ये बघा. नंतरच सामान लिफ्टमध्ये.

एक साधी पावती दोन प्रतींत करा : तारीख, दोघांची नावं, वस्तूंची यादी, रक्कम, "जुनं, जसं आहे तसं", आणि घेणाऱ्याने सांगितलेला वापर त्याच्याच हाताने लिहून सही. परवानाधारक असेल तर परवाना क्रमांक. तुम्ही नोंदणीकृत व्यापारी नाही, घरातली जुनी वस्तू विकताय, म्हणून जीएसटी लावायचा नाही. "बिल हवंय" म्हणणाऱ्या कॅफेला हीच पावती द्या.

नेणं

टोप एकात एक बसवा, मध्ये जुन्या चादरी. वेटोळं मोठ्या टोपात घाला, वर काही ठेवू नका, नळी दबली की संपली. कंट्रोलरच्या वायरींना चिकटपट्टीवर नाव लिहून चिकटवा. सगळं एकदम जाणार असेल तर छोटा हत्ती बोलवा, आणि भाडं कोणाचं हे सौद्यातच ठरवा. सोसायटीची सामान हलवायची वेळ आणि सर्व्हिस लिफ्ट विचारून घ्या. एकटा टोप घेऊन जाणारे लोकलच्या लगेज डब्यातूनही नेतात, दुपारच्या वेळी ते जमतं. विरार फास्टमध्ये संध्याकाळी सहाला नको.

उरलेलं

शेवटी एक खोकं उरतंच. अख्खा, किडा न लागलेला माल्ट ब्रेड करणाऱ्या ओळखीच्याला देता येतो, किडलेला ओल्या कचऱ्यात. उघडलेले हॉप्स आणि यीस्टही तिकडेच. जळलेला कंट्रोलर, फुटलेला डिजिटल थर्मामीटर ई-कचरा गोळा करणाऱ्याकडे द्या, साध्या भंगारात नको. तांब्याचं वेटोळं कोणी घेतलं नाही तर तांबाकाट्याला वजनावर घालून या. काचेचे हायड्रोमीटर शेजारच्या ज्युनिअर कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या बाईंना विचारा, त्यांच्या कपाटातले दर वर्षी फुटतात.